पाण्यातली माणसं

तिला सगळे सूनबाई म्हणत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी खिडकीतून खाली दुकानात हाक मारली, "अरे, सूनबाईला वर पाठव." ती हाक गल्लीभर ऐकू गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तिच्या चित्रांबद्दल पेपरात चार ओळी छापून यायला लागल्या, तरी गल्लीला ती सूनबाईच. खाली नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी सासूबाईंची खुर्ची. संसार एवढाच, पण माणसांची ये-जा अशी, की जिना कधी थंड पडायचा नाही.

चित्रकला महाविद्यालयात तिचं नाव वेगळं होतं. तिथे तिला तेलाची राणी म्हणत, थोडं कौतुकानं आणि बरंचसं जळून. समोर माणूस बसवायचा आणि तैलरंगात उभा करायचा, यात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. तैलरंगांचं एक बरं असतं, ते माफ करतात. आज गाल चुकला तर उद्या सुरीनं खरवडून काढावा, रंग तोवर ओलाच असतो. सूनबाई काही पहिल्या फटक्यात जमवणाऱ्यांतली नव्हती. चार वेळा पुसायचं, पाचव्यांदा साधायचं, असा तिचा खाक्या. पण पाचव्यांदा साधलं की बघणारा दोन पावलं मागे सरकायचा, समोर खरंच कोणी बसलंय अशा अदबीनं. शिकवणारे सर एरवी स्तुतीच्या बाबतीत हात आखडता असलेले. त्यांनीही एकदा तिच्या कॅनव्हाससमोर उभं राहून वर्गाला सांगितलं होतं, की हिला दुसरं काही शिकवू नका, बिघडेल.

लग्नानंतर तिनं पुढच्या खोलीत कोपरा धरला, कॅनव्हास ताणला आणि टर्पेंटाइनची बाटली उघडली. तासाभरात सासूबाईंच्या छातीचा भाता सुरू झाला. त्यांना लहानपणापासून दमा होता, हे तिला माहीत होतं. पण दमा म्हणजे काय, ते तिनं तोवर पाहिलं नव्हतं. ओठ निळे पडले, बोटं खुर्चीचा हात खरवडायला लागली. नवरा दुकान तसंच उघडं टाकून धावला. दवाखान्यातून त्या चार दिवसांनी घरी आल्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नवराही बोलला नाही. कोणी चार शब्द सुनावले असते तर सूनबाईला भांडता तरी आलं असतं. तिनं मुकाट्यानं ट्यूबा, ब्रश, तेल सगळं एका खोक्यात भरलं, दोरी बांधली आणि खोकं माळ्यावर टाकलं.

लगेच हार मानली असं नाही. एका मैत्रिणीच्या रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन काम करून पाहिलं, तर वास केसांत आणि कपड्यांत बसून घरी यायचा आणि सासूबाई रात्रभर उशीला टेकून बसायच्या. वास कमी असलेलं म्हणून एक महागडं तेल मिळतं, तेही आणलं. सासूबाईंच्या छातीला त्यातला फरक काही कळला नाही. कोळशाच्या कांडीनं चित्र काढायला घेतलं, तर भुकटीनं खोकला. मग मुलगी झाली आणि सगळंच राहिलं. मुलगी दुपारी झोपायची तेवढाच वेळ हातात, आणि तेवढ्या वेळात मांडून, काढून, पुसून ठेवता येईल असं एकच होतं. जलरंग.

जलरंगाला ती कॉलेजात असताना हसायची. जलरंग म्हणजे डोंगर, होड्या आणि ढग. माणूस काढायचा तर त्याला हाडं हवीत, वजन हवं. पाण्यानं ते कुठून येणार? शिवाय जलरंगाच्या अंगात क्षमा नाही. कागद पांढरा ठेवायचा तिथे तो आधीच ठेवावा लागतो. एकदा रंग गेला की गेला, पुसायला जावं तर चिखल. पाचव्यांदा साधणाऱ्या बाईला पहिल्याच वेळी साधायला सांगायचं, म्हणजे डावखुऱ्याला उजव्या हातानं जेवायला बसवण्यासारखं.

आणि माणूस तरी कुठला मिळणार? दुपारच्या वेळी घरात एकच माणूस जागं असायचं. सासूबाई.

सासूबाईंनी सारी नोकरी टेलिफोनच्या कचेरीत काढली होती. कानाला यंत्र लावून एकाला दुसऱ्याशी जोडून द्यायचं आणि आपण मध्ये गप्प बसायचं, असं ते काम. बोलायचं राहिलं ते सगळं त्यांनी निवृत्तीनंतर बोलायला घेतलं होतं. दम कमी म्हणून वाक्यं तुटक, पण थांबणं नाही. सूनबाईनं त्यांना म्हटलं, आई, जरा स्थिर बसा. त्या म्हणाल्या, स्थिरच तर बसलेय, पाय हलवला का मी? आणि पुढच्या क्षणी मान खिडकीकडे, हात शेजारणीला. सूनबाईला त्यांची मान वळायच्या आत गालाची कड पकडावी लागायची.

सुरुवातीची चित्रं पावसात राहिलेल्या पोस्टरसारखी दिसायची. सासूबाई ती हातात घेऊन लांब धरत, मग जवळ आणत. "मला काय बुडवून काढलीस का गं?" असं एकदा त्यांनी फार गंभीरपणे विचारलं होतं. पण बसायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. दुपारी मुलगी झोपली की त्याच विचारायच्या, आज नाही का मांडायचं?

वर्षं गेली. हळूहळू सूनबाईच्या लक्षात यायला लागलं, की आधी पेन्सिलीनं काही आखायची तिला गरज राहिलेली नाही. ती आधी बराच वेळ नुसती बघत बसायची आणि मग एकदम कामाला लागायची. सासूबाईंचे ओठ नेहमी अर्धवट उघडे, म्हणून चित्रातही तसेच आले. व्यक्तिचित्रात तोंड उघडं ठेवू नये असं तिला शिकवलं होतं, पण मिटलेल्या तोंडाच्या सासूबाई म्हणजे दुसरंच कोणी झालं असतं. मग गल्लीतली माणसंही येऊन बसायला लागली. शिलाईवाली, समोरचा निवृत्त मास्तर, दूध टाकणारी. त्यांच्याशी गप्पा मारायला सासूबाई होत्याच.

चित्रं लहानसहान प्रदर्शनांत लागली, काही विकलीही गेली. जाणकार लोक तिला 'ती पाण्यातली' म्हणून ओळखायला लागले. पण मनुष्याकृतीचं मोठं बक्षीस दरवर्षी कुठल्यातरी तैलचित्राला जायचं. सर एकदा प्रदर्शनाला आले होते, सगळी चित्रं बघून झाल्यावर म्हणाले, "अजून पाण्यातच डुंबते आहेस? मला वाटलं होतं, एव्हाना काठाला लागली असशील." ते वाक्य तिच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. तिचंही दुसरं काही म्हणणं नव्हतं. स्पर्धेतून चित्र परत आलं की ती मनात म्हणायची, तेलात असतं तर आलं नसतं. बरोबरीच्या कोणाचं मोठं नाव झालं की, मी तेलात राहिले असते तर बघितलं असतं. नवऱ्याजवळ ती हे कधी उघड बोलायची, आवाज खाली ठेवून. पण दोन खोल्यांच्या घरात आवाज किती खाली ठेवणार?

मुलगी शिकायला परगावी गेली त्या वर्षी शहरातल्या एका बऱ्यापैकी कलादालनाच्या मालकीणबाई घरी आल्या. चित्रं पाहून त्यांनी पूर्ण दालन द्यायची तयारी दाखवली. फक्त समोरची मोठी भिंत होती, तिच्यासाठी दोन-तीन मोठी तैलचित्रं हवीत, म्हणाल्या. लांबून पाणी दिसत नाही. त्या रात्री जेवताना सूनबाईनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, की नाही म्हणून कळवते, आपल्याकडे तेल काही शक्य नाही. सरळच म्हणाली, पण आवाजाला धार होती. सासूबाई ताटात बघून जेवत राहिल्या.

सकाळी त्यांनी चहाबरोबर फर्मान काढलं. "मला तेलात काढ."

मागच्या बाजूची लहान गच्ची नुकतीच त्यांच्याकडे आली होती. शेजारचा भाडेकरू गेला तेव्हा नवऱ्यानं ती मागून घेतली होती. गच्चीला काचेचं दार होतं. सासूबाईंनी रात्रभर विचार करून सगळी योजना आखली होती. त्या आत, दाराला खुर्ची लावून बसणार. सूनबाई बाहेर गच्चीत. दार घट्ट बंद, फटींना कापडाच्या सुरळ्या. ओला कॅनव्हास गच्चीतल्या पत्र्याच्या खोपटात राहील, खोपटं मुलगा बांधून देईल. सूनबाईचे कपडेही तिथेच राहतील, आत येण्याआधी मागच्या जिन्यालगतच्या न्हाणीघरात अंघोळ. सूनबाईनं नाही-नाही ते अडथळे काढले. प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. शेवटी तिनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, मी काय बोलू, मला खोपटं बांधायला सांगितलंय.

नव्या ट्यूबा आल्या. माणसाएवढा कॅनव्हास आला. पहिल्या दिवशी बाटलीचं बूच उघडलं आणि तो वास नाकात शिरला, तेव्हा सूनबाई क्षणभर डोळे मिटून उभी राहिली. किती वर्षांनी. तिला वाटलं, आता सगळं परत येईल.

काचेच्या पलीकडे सासूबाई बसल्या होत्या आणि सवयीनं बोलत होत्या. बाहेर काही ऐकू येत नव्हतं, नुसते ओठ हलत होते. थोड्या वेळानं त्यांच्याही ते ध्यानात आलं. त्यांनी मांडीवरचा मोबाइल उचलला. गच्चीच्या कठड्यावर सूनबाईचा फोन वाजला.

"ऐकू येतंय का? स्पीकर लाव आणि ठेव बाजूला. नुसतं हुं म्हणायचं."

जन्मभर फोनवर काम केलेली बाई. तीन हातांवर बसलेल्या सुनेला त्या रोज फोन लावायच्या आणि सूनबाई हुं म्हणत रंगवायची. गल्लीतल्या लोकांना हे कळलं तेव्हा शिलाईवाली हसून हसून जिन्यात बसली.

तिसऱ्या का चौथ्या बैठकीला सासूबाई शालीची कड बोटाला गुंडाळत, सोडत बसल्या होत्या. मग फोनमधून आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.

"तुझं तेल माझ्यापायी सुटलं. मला ठाऊक आहे ते."

सूनबाईचा ब्रश थांबला. "आई, जाऊ द्या हो."

"हेच. तेव्हा बोलले असते तर तेव्हाही तू 'जाऊ द्या' म्हणाली असतीस, आणि मी फुकटात सुटले असते. म्हणून बोलले नाही. दर वेळी तुझं चित्र परत आलं ना, मला या खुर्चीत बसून कळायचं. जिन्यातल्या पावलांवरून."

सूनबाईनं काचेतून पाहिलं. सासूबाई तिच्याकडे बघत नव्हत्या, मांडीवरच्या हातांकडे बघत होत्या. फोन सुरूच राहिला.

आता तर चित्र साधायलाच हवं होतं. सूनबाईनं जीव ओतला. चेहरा उभा राहिला, हाडं आली, वजन आलं. पण शालीच्या कडेवर उजेड पडला होता, तिथे तिनं नकळत कॅनव्हास कोरा सोडला, कागद सोडावा तसा. मग लक्षात आल्यावर पांढऱ्या रंगानं भरला, तर चुना फासल्यासारखा दिसायला लागला. तिनं खरवडलं. पुन्हा भरलं, पुन्हा खरवडलं. गालावरचा रंग पाण्यासारखा पसरवायला गेली, तर तो तिथेच ढिम्म बसून राहिला. कॉलेजातला खाक्या तिनं आठवून आठवून वापरला, चार वेळा पुसायचं, पाचव्यांदा साधायचं. पाचव्यांदा चित्र आधीपेक्षा बिनचूक झालं. सातव्यांदा त्याहून. आणि दर वेळी सासूबाई त्यातून थोड्या थोड्या निघून जात होत्या. प्रत्येक गोष्ट जागच्या जागी होती. एखाद्या संस्थेच्या भिंतीवर संस्थापिका म्हणून ते चित्र सहज खपलं असतं.

महिना उलटून गेल्यावर एका दुपारी तिनं ब्रश खाली ठेवला आणि मागच्या जिन्यावर जाऊन बसली. नवरा दुकानातून वर येत होता. तिला रडताना बघून तो एक पायरी खाली बसला. चष्मे पुसायचं मऊ फडकं त्याच्या हातात होतं, तेच त्यानं पुढे केलं. मग म्हणाला, रंग चांगले नसतील का? त्याला बिचाऱ्याला काहीतरी कारण शोधून द्यायचं होतं. तिलाही कोणीतरी कारण दिलं असतं तर हवंच होतं. पण रंग उत्तम होते, उजेड उत्तम होता, समोरचं माणूस तिला तळहातासारखं ठाऊक होतं. फक्त तिचा हात आता कॉलेजातल्या त्या मुलीचा राहिला नव्हता.

तिला दुःख नेमकं कशाचं होतं, हे तिचं तिलाही लगेच उमगलं नाही. चित्र बिघडण्याचं तिला नवल नव्हतं, आजवर शेकड्यांनी बिघडली होती. पण 'तेलात असते तर' हा तिचा एक टेकू होता. परत आलेल्या प्रत्येक चित्राला तिनं तो लावला होता, कोणाचं नाव झालं की त्याच्या आधारानं ती उभी राहिली होती. तो टेकूच आज हातातून गेला. आता जे काही होतं ते तिचंच होतं. बरं असो, वाईट असो, दुसऱ्या कोणाच्या नावावर लावता येणार नव्हतं.

न्हाऊन, कपडे बदलून ती आत गेली आणि सासूबाईंसमोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसली.

"आई, मला तेल जमत नाही."

"आणखी बसते की मी. मला काय काम आहे?"

"तुम्ही जन्मभर बसलात तरी नाही जमणार. तुमच्यामुळे नाही. आता माझा हातच तसा राहिला नाही."

सासूबाईंनी चित्र बघायचं म्हटलं. नवऱ्यानं कॅनव्हास काचेपलीकडे धरला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "बाई चांगली आहे," त्या म्हणाल्या. "शिकलेली वाटते. पण माझ्याशी काही बोलणार नाही ही." मग त्यांनी खुर्चीत मान मागे टेकली. त्यांचा चेहरा उतरला होता. देणं फेडायला म्हणून निघावं आणि दाराशी कळावं, की घेणारं माणूस गाव सोडून गेलंय, तसं त्यांचं झालं होतं. "म्हणजे मी एवढी वर्षं उगाच मनाला लावून घेतलं?"

सूनबाईच्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर म्हातारीला रात्री झोप लागली असती. पण इतक्या वर्षांनी दोघी पहिल्यांदाच खरं बोलत होत्या.

"उगाच नाही," ती म्हणाली. "तेव्हा तुटलं ते तुटलंच, आई. मला फार लागलं होतं ते. पण त्यानंतर जे आलं तेही तुमच्यासमोर बसूनच आलं. दोन्ही खरं आहे. मला त्याची वजाबाकी करता येत नाही."

सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, नखांत राहिलेला रंग बघितला आणि सोडून दिला. मग चहा टाक म्हणाल्या.

कलादालनाच्या मालकीणबाईंना सूनबाईनं तेल होणार नाही म्हणून कळवलं. भिंतीचं काय, त्यांनी विचारलं. तोवर तिनं विचार केला नव्हता, पण बोलून गेली, की भिंत मी भरते. नंतर छापखान्यातून जाड कागदाची अख्खी गुंडाळी आणली. माणसाएवढा कागद उभा चिकटवून जलरंग वापरावेत तर ओघळ येतात, म्हणून तिनं तो गच्चीत फरशीवर अंथरला, मोठे रंगाऱ्याचे ब्रश घेतले आणि गुडघ्यांवर बसून, कागदाभोवती फिरत, कधी कधी कागदावरच चढून काम केलं. काचेचं दार आता सताड उघडं होतं. पहिले पाच कागद वाया गेले. कुठे पाय पडला, एकावर मांजर चालून गेलं. सहाव्या कागदावर सासूबाई बसल्या, माणसाएवढ्या, तोंड अर्धवट उघडं, शालीची कड म्हणजे नुसता कोरा कागद. ते चित्र एका दुपारी झालं. त्यानंतर शिलाईवालीचं, मास्तरांचं, दूध टाकणारीचं.

प्रदर्शन फार गाजलं असं म्हणता येणार नाही. पेपरात एकानं चांगलं लिहिलं, एकानं लिहिलं की हा हट्ट आहे. मालकीणबाई मात्र रोज मोठ्या भिंतीसमोर थोडा वेळ उभ्या राहायच्या, आणि पुढच्या प्रदर्शनाचं त्यांनी स्वतःहून विचारलं. सर आले, काठी टेकत, आता फार थकलेले. त्यांनी मोठ्या चित्रांपुढे खुर्ची मागून घेतली आणि बसले. सूनबाई बाजूला उभी होती. ते काही बोलतील म्हणून तिनं वाट पाहिली, मग तिला कळलं की आपण पूर्वीसारखी वाट बघत नाही आहोत. जाताना ते एवढंच म्हणाले, "कागद कुठला वापरलास?" तिनं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून नीट लक्षात ठेवला.

ते तैलचित्र नवऱ्यानं मागून घेतलं. सहा महिने खोपटात वाळलं, वास गेला, मग त्यानं ते दुकानात समोरच्या भिंतीवर लावलं. नवा चष्मा डोळ्यांवर चढवला की गिऱ्हाईक आधी त्या बाईंकडे बघतं. नाकीडोळी इतकी बिनचूक आहे, की नंबर बरोबर बसलाय की नाही ते लगेच कळतं, असं तो म्हणतो.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी सासूबाईही कलादालनात गेल्या होत्या. नवऱ्यानं आणि तिथल्या पहारेकऱ्यानं त्यांना खुर्चीसकट पायऱ्या चढवल्या. सगळा वेळ त्या मध्यभागी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत होत्या. लोक एकदा चित्राकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघत, ते त्यांना फार आवडलं. घरी आल्यावर मात्र त्या गप्प होत्या. दमल्या असतील म्हणून कोणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते बोलून दाखवलं. "शिलाईवालीचं चित्र माझ्यापेक्षा बरं झालंय."

सूनबाई ब्रश धूत होती. तिनं थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली. "झालंय खरं."

सासूबाई दुपारपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी शाल आणून द्यायला सांगितलं, ही नको, ती निळी. मग खुर्ची गच्चीच्या दाराकडे वळवून घेतली आणि म्हणाल्या, उजेड चांगला आहे, कागद अंथर.